रे. गॉर्डन हॉल ह्यांचे चरित्र

मराठी मंडळ्यांत रे. गॉर्डन हॉल ह्यांचे नाव अपरिचित नाही. मराठी मुलखात येऊन राहिलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी ते एक होते, नव्या कराराचे मराठी भाषांतर करणाऱ्यांपैकी एक होते, आणि नाशिकहून परत येताना पटकीच्या रोगाने वाटेतच मरण पावले, इतकी माहिती बहुतेक उपदेशकांस असते. परंतु हे गृहस्थ कोणत्या काळात जन्मले, त्यांच्या बालपणी त्यांच्या देशात काय घडत होते, आणि त्या देशाच्या जन्मकथेचा त्यांच्या मुंबईतील आचरणाशी काय संबंध पोहोचतो, हे सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्याचे ह्या लेखात आम्ही योजिले आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील लहान गावांत मंडळी म्हणजे चार-पाच घरे, आणि उपदेशक म्हणजे सायकलीवरून गावोगाव फिरणारा एकटा मनुष्य, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. वर्षाअखेरीस मंडळीच्या वहीत लिहावयास फारसे काही नसले म्हणजे त्याचे मन खचते. अशा बंधूंस हे चरित्र विशेष उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

अमेरिका म्हणताच आज एक धनाढ्य व बलाढ्य राष्ट्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ते राष्ट्र नव्हतेच. समुद्रकाठी इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली तेरा वसाहती होत्या, आणि आपणांस विचारल्यावाचून आपणांवर कर बसविला जातो अशी तेथील लोकांची तक्रार होती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात काही लोकांनी तीन गलबतांवर चढून चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. ही गोष्ट शाळेतल्या मुलांसही ठाऊक असते. पण तो चहा कोणाचा होता हे थोड्यांच्याच ध्यानात असते. तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. जी कंपनी इकडे बंगाल व मुंबई येथे राज्य करीत होती, तिचाच तो माल. पुढे १७७५ साली युद्ध पेटले, ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, आणि १७८१ साली यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिस हा इंग्रज सेनापती शरण गेला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला, व १७९३ साली बंगालच्या जमीनधाऱ्याची कायमची व्यवस्था त्यानेच केली. एका देशातून ज्यांस जावे लागले तेच दुसऱ्या देशात राज्य स्थिर करीत होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे हॉल साहेबांची गाठ ह्याच कंपनीशी पडावयाची होती.

१७८३ साली पॅरिस येथे तह होऊन युद्ध संपले, आणि दुसऱ्याच वर्षी, ८ एप्रिल १७८४ रोजी, मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात गॉर्डन हॉल ह्यांचा जन्म झाला. त्यांच्या गावास आज टॉलंड म्हणतात. त्या वेळी तो ग्रॅनव्हिल ह्या गावाचाच एक भाग होता. दगडाळ जमीन, मोठा हिवाळा, आणि कष्ट करून खाणारे शेतकरी, असा तो प्रदेश.

स्वातंत्र्य मिळाले, परंतु ह्या शेतकऱ्यांचे दिवस पालटले नाहीत. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी प्रांताच्या सरकारने कर वाढविले, ते रोख भरावे अशी सक्ती केली, आणि खेड्यात तर रोख पैसा दिसेनासा झाला. सावकार कोर्टात जात, कोर्ट जमिनीवर व गुरांवर जप्ती आणी, आणि कित्येक कर्जदार तुरुंगात पडत. त्यांतले पुष्कळ जण स्वातंत्र्याच्या युद्धात लढलेले शिपाई होते. शेवटी १७८६ च्या ऑगस्ट महिन्यात शेतकऱ्यांचा मोठा जमाव नॉर्दॅम्प्टन येथील कोर्टापुढे जमला व त्याने कोर्टाचे कामच चालू दिले नाही. डॅनियल शेज नावाचा एक जुना सैनिक त्यांच्या पुढाऱ्यांत होता. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले, तेव्हा सरकारी तोफांनी चार माणसे पडली आणि बंड मोडले. आमच्या दक्षिणेत १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याची आठवण येथे होते. बाळ गॉर्डन त्या वेळी तीन वर्षांचेही झाले नव्हते, आणि बंडाचा मुलूख त्यांच्या घराभोवतीचाच होता.

त्याच डोंगराळ प्रदेशातली दुसरी एक गोष्ट ह्याहून मोलाची आहे. शेफील्ड ह्या गावी कर्नल जॉन अ‍ॅश्ली नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत. त्यांच्या घरी बेट नावाची एक गुलाम बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. एके दिवशी मालकिणीने रागाच्या भरात तापलेले फावडे दुसऱ्या एका मुलीवर उगारले; बेटने मध्ये हात घातला, आणि तो घाव तिच्या हातावर बसला. त्याचा व्रण तिने जन्मभर झाकला नाही. १७८० साली प्रांताची नवी राज्यघटना झाली, आणि सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे तीत लिहिले होते. ते शब्द बेटच्या कानी पडले. ती वकील थिओडोर सेजविक ह्यांच्याकडे गेली, आणि ह्या शब्दांत आपणही येतो की नाही, असे तिने विचारले. १७८१ साली ग्रेट बॅरिंग्टन येथील कोर्टात तिचा व ब्रॉम नावाच्या दुसऱ्या एका गुलामाचा खटला चालला. पंचांनी दोघांसही मुक्त ठरविले, आणि मालकाने त्यांस तीस शिलिंग नुकसानभरपाई द्यावी असा निकाल झाला. तेव्हापासून त्या बाईने एलिझाबेथ फ्रीमन, म्हणजे स्वतंत्र मनुष्य, हे नाव धारण केले. दोन वर्षांनी क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या खटल्यात प्रांताच्या वरिष्ठ कोर्टानेही तेच तत्त्व मान्य केले. १७९० साली पहिली खानेसुमारी झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही.

तिसरी गोष्ट तर ग्रॅनव्हिलचीच. लेम्युएल हेन्स नावाचा एक मनुष्य होता. त्याचा बाप आफ्रिकन व आई गोरी. दोघांनीही त्यास टाकले. पाच महिन्यांचे मूल असता त्यास ग्रॅनव्हिल येथील एका डीकनच्या घरी वेठीचा चाकर म्हणून बांधून दिले. दिवसा शेतावर राबावे आणि रात्री चुलीच्या उजेडात वाचावे, असे त्याचे शिक्षण झाले. मुदत संपल्यावर तो स्वातंत्र्याच्या युद्धात शिपाई झाला. १७८० साली त्यास उपदेश करण्याची परवानगी मिळाली, आणि पुढील सुमारे पाच वर्षे ग्रॅनव्हिलच्या मधल्या भागातील मंडळीने, जी सगळी गोऱ्या लोकांची होती, त्याचाच उपदेश ऐकला. १७८५ साली त्यास पाळकाची दीक्षा झाली, व नंतर व्हरमॉंट प्रांतातील रटलंड येथे त्याने तीस वर्षे मंडळी सांभाळली. म्हणजे हॉल साहेब पाळण्यात असता, त्याच गावाच्या दुसऱ्या भागातील उपासनामंदिरात व्यासपीठावर उभा राहणारा मनुष्य एके काळचा बांधलेला चाकर होता. ज्यांच्या पूर्वजांस गावात देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले जात नव्हते, अशा आमच्या वाचकांस ह्या गोष्टीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

तरी ह्या राष्ट्राची नुसती स्तुती करणे सत्यास सोडून होईल. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे साऱ्या देशाची राज्यघटना तयार झाली, तीत दक्षिणेकडील प्रांतांच्या आग्रहास्तव गुलामगिरी तशीच राहू दिली. प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. जाहीरनाम्यातील शब्द एक आणि व्यवहार दुसरा, हे त्या राष्ट्राचे जन्मापासूनचे पाप होते, आणि ते फेडण्यास पुढे लाखो प्राण खर्ची पडले. परंतु शब्द लिहिले गेले होते. बेटसारखी अक्षरशून्य बाई ते ऐकून वकिलाच्या दारी जाऊ शकली, ते शब्द लिहिलेले होते म्हणूनच.

अशा प्रदेशात गॉर्डन हॉल लहानाचे मोठे झाले. गावच्या पाळकाजवळ प्राथमिक अभ्यास करून ते विल्यम्स कॉलेजात गेले व १८०८ साली पदवीधर झाले. त्याच कॉलेजातील पाच विद्यार्थी १८०६ च्या उन्हाळ्यात शेतात प्रार्थनेस जमले असता वादळ आले, आणि गवताच्या गंजीच्या आडोशास बसून परदेशी सुवार्ता नेण्याविषयी त्यांनी विचार केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. हॉल त्या गंजीखाली नव्हते. परंतु त्या तरुणांचा पुढारी सॅम्युएल मिल्स ह्याच्या सहवासात येऊन तेही त्याच मंडळात सामील झाले. नंतर अँडोव्हर येथील धर्मशास्त्राच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मध्यंतरी कनेक्टिकट प्रांतातील वुडबरी येथे ते उपदेश करीत असता तेथील मंडळीने त्यांस कायमचे पाळक होण्याविषयी बोलाविले. चांगली मंडळी, चांगला पगार, घराजवळचे ठिकाण. हॉल ह्यांनी नकार दिला. पूर्वेकडे जाणारा कोणी मिळेल न मिळेल, पण वुडबरीस पाळक मिळालाच असता, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनची संस्था स्थापन झाली. हॉल ह्यांनी फिलाडेल्फिया येथे थोडे वैद्यकाचेही शिक्षण घेतले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावी पाच तरुणांस दीक्षा झाली: हॉल, सॅम्युएल नॉट, अ‍ॅडोनायरम जडसन, सॅम्युएल न्यूवेल व ल्यूथर राइस. त्याच महिन्यात दोन निरनिराळ्या गलबतांनी ते निघाले, आणि हॉल ८ ऑगस्ट १८१२ रोजी कलकत्त्यास उतरले.

उतरताच संकट उभे राहिले. आपल्या मुलखात मिशनरी आल्यास लोक बिथरतील व व्यापारास धक्का बसेल अशी कंपनीस भीती वाटे. त्यातच १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारले होते. ते वृत्त येताच हे पाहुणे शत्रुराष्ट्राची प्रजा ठरले. त्यांस इंग्लंडला रवाना करावे असा हुकूम निघाला. जडसन शेवटी ब्रह्मदेशास गेले. न्यूवेल मॉरिशस बेटावर गेले, आणि तेथे त्यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मरण पावली. हॉल व नॉट ह्यांनी मुंबईकडे जाणारे गलबत गाठले, व फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत येऊन दाखल झाले.

त्या काळची मुंबई आजच्यासारखी नव्हती. बेटावर कंपनीचे राज्य. पलीकडे पुण्यास दुसरे बाजीराव पेशवे गादीवर होते. आणि आमचा हा वैनगंगेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे होते, ज्यांच्या नावाचा रस्ता मलबार टेकडीजवळ आजही लोकांच्या तोंडी आहे. हे गृहस्थ स्वतः धर्मशील असून बायबल सोसायटीच्या कार्याविषयी त्यांस आस्था होती. परंतु कलकत्त्याहून आलेला हुकूम त्यांच्या हाती होता, आणि तो मोडणे त्यांस शक्य नव्हते. हॉल व नॉट ह्यांनी अर्ज केले, गव्हर्नरांनी मुदती दिल्या, आणि असे कित्येक महिने गेले. मधल्या काळात हे दोघे रोज मराठी शिकत होते. उद्या हाकलून देणार हे ठाऊक असता आज नव्या भाषेची अक्षरे गिरवीत बसणे, ह्यास किती धीर लागतो, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

१८१३ च्या पावसाळ्यानंतर सिलोनला जाण्याच्या हेतूने ते एका किनाऱ्यालगतच्या गलबतातून गुप्तपणे निघून कोचीनपर्यंत पोहोचले. परंतु तेथून त्यांस परत आणविण्यात आले. ह्या निघून जाण्याने गव्हर्नरसाहेबांचा रोष झाला, आणि काही मित्रांसही ते वर्तन रुचले नाही. आम्हांसही असे वाटते की येथे त्यांच्या हातून उतावीळ झाली असेल. डिसेंबरात त्यांस इंग्लंडच्या गलबतावर चढविण्याचा दिवस ठरला. तेव्हा हॉल ह्यांनी गव्हर्नरांस एक शेवटचा अर्ज लिहिला. त्यात आर्जव नव्हते व धमकीही नव्हती. सरकारचा अधिकार आम्ही मानतो, पण सुवार्ता सांगण्याची आज्ञा ज्याने दिली त्याच्यापुढे तुम्ही आणि आम्ही उभे राहणार आहोत. तेव्हा ह्या हुकुमाचे उत्तर तेथे काय द्यावयाचे, हे आपण ठरवावे, असा त्याचा आशय होता. राजा झाला तरी तो मनुष्याच्या सदसद्विवेकाचा धनी नव्हे, हे ज्या राष्ट्रात नुकतेच युद्ध करून लोकांनी सांगितले होते, त्या राष्ट्राच्या पुत्राची ही वाणी होती. मात्र ह्या वेळी हाती शस्त्र नव्हते आणि चहाच्या पेट्याही नव्हत्या. एक कागद होता.

गव्हर्नरांनी गलबत जाऊ दिले व ह्या दोघांस ठेवून घेतले. तिकडे इंग्लंडात १८१३ साली विल्बरफोर्स वगैरे सज्जनांच्या खटपटीने कंपनीच्या नव्या सनदेत मिशनऱ्यांस परवानगी देण्याविषयीचे कलम घातले गेले होते. १८१४ साली कंपनीच्या डायरेक्टरांचा अनुकूल निर्णय मुंबईस पोहोचला, आणि पश्चिम हिंदुस्थानचे दार उघडले.

ह्यापुढची बारा वर्षे हॉल ह्यांनी मुंबईत काढली. रोज रस्त्यांत, बाजारांत, तळ्यांच्या काठी, देवळांच्या आवारात जाऊन लोकांशी मराठीत बोलावे, हा त्यांचा नियम होता. नॉट आजारी पडून १८१५ साली स्वदेशी परतले. न्यूवेल येऊन मिळाले. मिशनने मराठी शाळा काढल्या. १८१६ साली छापखान्याचे काम जाणणारे बार्डवेल आले, आणि १८१७ साली त्या छापखान्यातून शास्त्रवचनांची आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा सुरू झाली. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर अरिष्ट येते अशी समजूत असलेल्या काळात हे घडले. ह्या सर्वांबरोबर नव्या कराराच्या भाषांतराचे काम चालू होते. सेरामपूर येथे डॉ. केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतर पूर्वीच केले होते; परंतु कोकण व देश ह्यांतील लोकांस समजेल अशी भाषा साधावी म्हणून मुंबईकर मंडळींनी मूळ ग्रीकवरून पुन्हा परिश्रम घेतले.

हॉल निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. ह्या देशातील धर्म व रीतिरिवाज ह्यांविषयी त्यांनी स्वदेशी जे लिहून पाठविले त्यात कठोरपणा आहे, आणि आमच्या लोकांचे चांगले गुण पाहण्यास ते पुष्कळदा चुकले. परदेशी मनुष्याची ही उणीव त्या काळी सार्वत्रिक होती. परंतु ज्यांविषयी त्यांनी कठोर लिहिले त्यांच्याच भाषेत ते जगले आणि त्यांच्याच रोग्यांची सेवा करताना मेले, हेही तितकेच खरे.

आणि फळ? बारा-तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. ज्यास मराठी मंडळी म्हणता येईल अशी मंडळी हॉल साहेबांच्या हयातीत उभी राहिली नाही. सोबती एकामागून एक गेले. न्यूवेल १८२१ साली पटकीने दगावले. १८१६ साली हॉल ह्यांचा विवाह मार्गारेट लुईस ह्या इंग्रज बाईंशी झाला होता. मुलांच्या प्रकृतीस मुंबईची हवा सोसेना, म्हणून १८२५ साली त्या दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉल ह्यांनी बरोबर जावे असे पुष्कळांस वाटले. पण मिशनमध्ये माणसे इतकी थोडी उरली होती की ते राहिले. त्या प्रवासात एक मुलगा समुद्रावरच मरण पावला. उरलेला, बापाचेच नाव धारण करणारा मुलगा पुढे पाळक झाला, आणि ज्या नॉर्दॅम्प्टन गावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्ट अडविले होते त्याच गावच्या मंडळीची त्याने सेवा केली. बापलेकांची भेट मात्र पुन्हा झाली नाही.

मार्च १८२६ च्या आरंभी हॉल दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन नाशिककडे दौऱ्यावर गेले. तेथे पटकीची साथ भर जोरात होती. त्यांनी जवळची औषधे रोग्यांस वाटली, पुस्तिका दिल्या, आणि औषध संपत आले तेव्हा परतीची वाट धरली. १९ मार्चच्या रात्री वाटेतील एका खेड्यात एका देवळाच्या ओसरीवर ते उतरले. तेथे आधीच रोगी पडलेले होते. पहाटे उठून निघण्याची तयारी करीत असता त्यांसही रोगाने गाठले. स्वतःसाठी ठेवलेले थोडे औषध त्यांनी घेतले, पण ते पोटात ठरले नाही. आपण वाचत नाही हे त्यांनी मुलांस शांतपणे सांगितले, त्यांच्यासाठी व भोवती जमलेल्या लोकांसाठी प्रार्थना केली, आणि देवाचा गौरव करीत २० मार्च १८२६ रोजी प्राण सोडला. वय बेचाळीसही पुरते नव्हते. त्या दोन मुलांनी परक्या गावात जागा मिळवून, पेटीवाचून, घोंगडीत गुंडाळून त्यांस मूठमाती दिली.

त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

आता मागे काय राहिले ते पाहू. तो छापखाना वाढला. तेथे टॉमस ग्रॅहॅम ह्यांनी मराठीची सुबक अक्षरे तयार केली. तो छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजी ह्यांस स्वतः छापण्याची हौस उत्पन्न झाली, आणि १८३१ साली त्यांनी पहिले मराठी पंचांग छापले. त्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला, ज्याच्या पोथ्या काशीपर्यंत गेल्या. मिशनऱ्यांच्या यंत्राशी शिकलेल्या हातांनी हिंदूंचे ग्रंथ छापले जावेत, ही गोष्ट हॉल साहेबांस स्वप्नातही आली नसती.

मुलींच्या शाळेची कथा ह्याहून पुढे जाते. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई त्या शाळांसाठी मुंबईत आली, व पुढे अहमदनगरास गेली. नगरची तिची मुलींची शाळा पुण्याच्या एका तरुण माळ्याने पाहिली, आणि १८४८ साली त्याने व त्याच्या पत्नीने पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. ते जोतीराव व सावित्रीबाई फुले. जोतीरावांच्या हाती १८४७ च्या सुमारास टॉमस पेन ह्याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ आला होता. हा पेन म्हणजे ज्याच्या लेखणीने १७७६ साली अमेरिकन शेतकऱ्यांस स्वातंत्र्यासाठी उठविले तोच. पेन आपल्या शास्त्राचा टीकाकार होता, आणि जोतीरावांनीही बाप्तिस्मा घेतला नाही, हे आम्ही लपवीत नाही. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायमची बंद झाली, आणि १८७३ साली जोतीरावांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात बेटने जे शब्द ऐकून वकिलास प्रश्न विचारला, त्या शब्दांची वाट अशी शंभर वर्षांत पुण्यास येऊन पोहोचली. ह्या वाटेचा एक टप्पा हॉल साहेबांच्या शाळेतून जातो.

आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी जुने मालगुजारी तलाव आहेत. ज्यांनी पाळ बांधली त्यांची नावे आज बहुतेकांस सांगता येत नाहीत. परंतु पाऊस ओढ देतो तेव्हा बांधीतले धान त्याच पाण्यावर वाचते. पाळ बांधणाऱ्यास त्या वर्षीच्या पिकावरून कोणी मोजले असते, तर त्याच्या कामाची किंमत शून्य झाली असती.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की मंडळीच्या वहीतील बाप्तिस्म्यांच्या रकान्याबरोबर दुसराही हिशेब मनात ठेवावा. ह्या वर्षी गावातल्या किती मुली वाचू लागल्या? आजाऱ्याच्या घरी, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, आपण किती वेळा गेलो? एखाद्या गरिबास त्याचा कायदेशीर हक्क समजावून देऊन आपण त्याच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो काय? हॉल साहेबांच्या वहीत बाप्तिस्म्यांचा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला. ह्या दुसऱ्या हिशेबाची बेरीज मात्र दोनशे वर्षे झाली तरी चालूच आहे.